व्हिडिओची माहिती ॲनोटेशन फाइलीत ठेवावी की बाहेर? (ईलॅन, बोरिस, सीव्हॅट वगैरे ॲनोटेशनची अवजारं)

नोंदवही

रेकॉर्डिंग कोणाचं, कधीचं, कशाबद्दल, कोणत्या भाषेत, वापरायची परवानगी कुठवर ही माहिती ॲनोटेशन (व्हिडिओतल्या क्षणांवर खुणा आणि नोंदी करणं) सुरू करताना सगळ्यांच्या डोक्यात असते, म्हणून ती कुठेच लिहिली जात नाही. फाइली दहा असेपर्यंत निभावतं. दोनशे झाल्या की कोणी फाइलनावात माहिती कोंबतं, कोणी ईलॅनमध्ये 'माहिती' नावाची टिअर (काळपट्टीवरची नोंदींची ओळ) काढतं, कोणी वेगळ्या वर्ड फाइलीत लिहून ठेवतं, आणि एकाच रेकॉर्डिंगच्या तीन तारखा सापडतात.

माझी मांडणी देतो, खोडून काढायला मोकळे आहात.

कुठलीही माहिती हाती आली की आधी बघायचं, ती व्हिडिओ चालू असताना बदलते का? कोण बोलतंय, हातात काय आहे, प्राणी बसलाय की चालतोय हे बदलतं, म्हणून ते टिअरवर. अख्ख्या रेकॉर्डिंगला एकच उत्तर असेल तर ते वर्णन, त्याचं टिअरवर काही काम नाही. मग बघायचं की ही माहिती यंत्राला फाइलीतून वाचता येते का? लांबी, फ्रेमरेट, रिझोल्यूशन, कोडेक, आवाजाचा सॅम्पल रेट यातलं काहीही हाताने टाइप करायचं नाही. एफएफप्रोब किंवा मीडियाइन्फो या फाइल वाचणाऱ्या अवजारांकडून काढून घ्यायचं.

या दोन चाळण्यांतून जे उरतं ते खरं वर्णन, आणि ते एकाच तक्त्यात. तक्त्याची ओळ म्हणजे फाइल नव्हे, रेकॉर्डिंगचं सत्र. बहुतेक तक्ते इथेच फसतात. एका सत्राला दोन कॅमेरे आणि एक रेकॉर्डर असेल तर तीन फाइली होतात. कार्ड फॅट-३२ असेल तर ४ जीबीच्या मर्यादेमुळे कॅमेरा एकाच सलग चित्रीकरणाचे तुकडे पाडतो, म्हणजे आणखी फाइली. फाइलगणिक ओळ केली की ठिकाण, विषय, भाषा पाच-पाचदा लिहावं लागतं आणि दुरुस्ती त्यातल्या तीनच ठिकाणी होते.

म्हणून तीन तक्ते: सत्रं, फाइली, माणसं. फाइलीच्या तक्त्यात सत्राचा आयडी. सत्र आणि माणसं जोडायला आणखी एक छोटा तक्ता, कारण एकच व्यक्ती एका सत्रात कथा सांगते आणि दुसऱ्यात नुसती ऐकते. भूमिका त्या जोडणीत लिहायची, व्यक्तीच्या ओळीत नाही. वयाचंही तसंच. व्यक्तीकडे जन्मवर्ष लिहा, सत्राच्या वेळचं वय तारखेवरून निघतं.

ॲनोटेशन फाइलीत फक्त सत्राचा आयडी, बाकी काही नाही.

तिरकी रेघ

सत्र हे एकक मान्य. 'बाकी काही नाही' हे मान्य नाही.

ॲनोटेशन फाइल एकटी प्रवास करते. कोणीतरी एक ईएएफ (ईलॅनची ॲनोटेशन फाइल) आणि एक एमपी४ मेलने मागतं, तक्ता मागेच राहतो, आणि वर्षभराने त्या फाइलीबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही. सेमोअर आणि लामेटा ही सत्रांची माहिती ठेवणारी अवजारं म्हणून वेगळी वाट धरतात. दर सत्राला एक फोल्डर, त्यात मीडिया, ॲनोटेशन आणि सत्राच्या माहितीची छोटी एक्सएमएल फाइल. माणसांचे फोल्डर वेगळे. फोल्डर उचलला की माहिती सोबत जाते. शिवाय लामेटातून आयएमडीआय (वर्णनाचा ठरलेला साचा) आणि सीएसव्ही (साधा तक्ता) दोन्ही निघतं, त्यामुळे अभिलेखागाराकडे सोपवताना पुन्हा टायपिंग नाही.

नोंदवही

फोल्डरसोबत माहिती जावी हे पटतं. माझा आक्षेप दोन्हीकडे हाताने लिहिण्याला आहे. तक्ता हे मूळ, आणि शेजारची फाइल तक्त्यातून स्क्रिप्टने तयार होणारी. तिच्यात कोणी दुरुस्ती केली तर पुढच्या वेळी ती पुसली जाणार, हे त्या फाइलीच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवायचं. लामेटा वापरत असाल तर नेमकं उलट: तेच मूळ, आणि सीएसव्ही ही फक्त बघण्यापुरती प्रत. कोणतंही एक धरा, मूळ मात्र एकच.

तिरकी रेघ

हे चालेल. एकतर्फी असेल तर भांडण नाही.

दशांश

'यंत्राकडून काढा' हे वाक्य फार पटकन उरकलं गेलंय. फ्रेमरेट ही कोरडी तांत्रिक नोंद वाटते, पण ॲनोटेशन जागेवर राहणार की घसरणार हे तीच ठरवते.

ईलॅन वेळ मिलिसेकंदांत साठवतं. सीव्हॅट फ्रेमच्या क्रमांकाने साठवतं. मिलिसेकंदवाल्याला व्हिडिओ २५ फ्रेमचा आहे की ५० चा याने फारसं बिघडत नाही, लांबी तीच राहिली म्हणजे झालं. फ्रेमवाल्याचा व्हिडिओ कोणी मधेच वेगळ्या फ्रेमरेटला बदलून घेतला की प्रत्येक खूण चुकीच्या क्षणावर. एकाचं काम दुसऱ्यात न्यायचं असेल तर फ्रेमरेट अचूक हवा. २९.९७ म्हणजे खरं तर ३०००० भागिले १००१. तिथे सरळ ३० धरलं तर तासाभराच्या व्हिडिओत शेवटी ३.६ सेकंदांचा फरक पडतो. म्हणून तक्त्यात दशांश न लिहिता एफएफप्रोब देतो तसा अपूर्णांकच ठेवा.

लेबल स्टुडिओ हे ॲनोटेशनचं अवजार वापरणाऱ्यांनी हे विशेष बघा. तिथल्या मांडणीतल्या व्हिडिओ टॅगला फ्रेमरेट सांगितला नाही तर तो २४ धरला जातो. २५ च्या व्हिडिओवर हे चटकन लक्षात येत नाही, खुणा 'जरा पुढेमागे' वाटतात. प्रत्येक टास्कच्या डेटात फ्रेमरेटचा रकाना द्या आणि टॅगमध्ये तो रकाना डॉलर चिन्हाने जोडा.

सीव्हॅटमध्ये टास्क करताना दर पाचवी फ्रेम घ्या असं सांगितलं असेल तर तो आकडा फाइलीच्या तक्त्यात हवाच. नाहीतर निर्यात केलेला क्रमांक मूळ व्हिडिओतला की गाळलेल्या संचातला यावर नंतर खल होतो.

आणि मोबाइलचं चित्रीकरण. त्यात फ्रेमरेट बहुधा स्थिर नसतो, उजेड कमी झाला की उतरतो. एफएफप्रोबमध्ये दोन आकडे दिसतात, सरासरी दर आणि 'आर' दर. दोन्ही जुळत नसतील तर दर अस्थिर असल्याची शंका घ्या आणि ॲनोटेशन सुरू करण्याआधी स्थिर दराची प्रत करा. मूळ फाइल आणि ही प्रत अशा दोन वेगळ्या ओळी, 'कशावरून बनवली' या रकान्याने जोडलेल्या. सुरुवात कापली असेल तर किती मिलिसेकंद कापलं तेही तिथेच. पुन्हा एन्कोड न करता कापलं तर काप जवळच्या कीफ्रेमवर (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवर) सरकतो, म्हणून तुम्ही मागितलेली वेळ नको, कापलेल्या फाइलीवरून मोजलेली वेळ लिहा.

पडद्यामागे

ईएएफच्या पोटात काय असतं ते सांगतो, म्हणजे तिथे काय लिहावं आणि काय नको ते कळेल. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, साधी एक्सएमएल आहे.

सर्वात वर लेखक आणि तारीख. ही तारीख ॲनोटेशन दस्तऐवजाची, रेकॉर्डिंगची नव्हे. ती रेकॉर्डिंगची समजून तक्ता भरणारे लोक आहेत.

खाली हेडर. जोडलेल्या प्रत्येक मीडियासाठी एक नोंद: पूर्ण पत्ता, सापेक्ष पत्ता, फाइलीचा प्रकार, आणि लागू असेल तर 'टाइम ओरिजिन', म्हणजे ही फाइल किती मिलिसेकंद पुढून सुरू धरायची. दोन कॅमेरे जुळवल्यावर तो आकडा इथे बसतो. हा आकडा फाइलीच्या तक्त्यातही उतरवून ठेवा. मीडिया काढून पुन्हा जोडला की तो जातो, आणि जुळवणी पहिल्यापासून करावी लागते.

पूर्ण पत्त्याचे दोन त्रास. एक, त्यात संगणकावरचं वापरकर्त्याचं नाव बहुधा असतं. माणसांची नावं झाकून संकेतांक दिले आणि फाइल बाहेर पाठवली, तरी ॲनोटेशन कोणाच्या यंत्रावर झालं ते पत्त्यात वाचता येतं. दोन, जुन्या जागी त्याच नावाचा जुना व्हिडिओ पडून असेल तर तोच उघडला जाऊ शकतो, आणि कापलेल्या नव्या प्रतीवर काम चालू आहे असा आपला समज. ईएएफ आणि मीडिया एकाच फोल्डरमध्ये ठेवा, जुन्या प्रतींचं नाव बदला. 'एडिट' मेनूतल्या 'लिंक्ड फाइल्स'मध्ये सध्या कुठली फाइल जोडली आहे ते दिसतं.

हेडरमध्येच प्रत्येक दस्तऐवजाचा एक यूआरएन, म्हणजे फक्त त्याचाच ओळखक्रमांक, असतो. जुनी ईएएफ फोल्डरमधूनच कॉपी करून, आतली ॲनोटेशनं पुसून नव्या व्हिडिओला वापरली तर दोन दस्तऐवजांना एकच यूआरएन. त्याऐवजी टेम्प्लेट, म्हणजे ईटीएफ, करून ठेवा. 'मल्टिपल फाइल प्रोसेसिंग'मध्ये मीडिया फाइलींसाठी एकगठ्ठा ट्रान्सक्रिप्शन फाइली तयार करायची सोय आहे, ती टेम्प्लेट घेते. शंभर व्हिडिओंना एकसारख्या टिअर मिळतात.

अर्धमात्रा

पडद्यामागे, टिअरच्या गुणधर्मांबद्दल पण लिहा. 'पार्टिसिपंट' आणि 'ॲनोटेटर' हे रकाने ईलॅनमध्ये आयते आहेत, बहुतेक लोक रिकामे सोडतात.

पडद्यामागे

बरोबर, ते राहिलं. 'पार्टिसिपंट'मध्ये व्यक्तीचा संकेतांक, माणसांच्या तक्त्यातला जसाच्या तसा. नाव नको, 'आजोबा' नको, 'वक्ता १' तर नकोच, कारण पुढच्या फाइलीत वक्ता १ दुसराच कोणी असतो. 'ॲनोटेटर'मध्ये त्या टिअरचं काम करणाऱ्याचं लघुरूप. ट्रान्सक्रिप्शन एकाने आणि भाषांतर दुसऱ्याने केलं असेल तर ते टिअरवरच वेगळं दिसलं पाहिजे.

या दोन्हींचा फायदा निर्यात करताना कळतो. टॅबने विलग केलेल्या मजकुरात फाइलनावाचा रकाना घ्या, पार्टिसिपंटचा घ्या, आणि बाहेरच्या तक्त्यांशी या दोन चाव्यांनी जोडा. 'पन्नाशीच्या पुढच्या वक्त्यांनी हा शब्द किती वेळा वापरला' याचं उत्तर ईलॅनच्या आत शोधायची गरजच नाही.

तिरकी रेघ

अख्ख्या व्हिडिओभर एकच लांब ॲनोटेशन असलेली 'माहिती' टिअर काढण्याबद्दल कोणीतरी ठामपणे लिहा. ही पद्धत जाता जात नाही.

दशांश

लिहितो. त्या टिअरमुळे शोधात प्रत्येक फाइल एकदा तरी सापडते. वर्णनात 'लग्न' लिहिलं असेल तर 'लग्न' शोधल्यावर बोललेला शब्द आणि विषयाचं नाव एकत्र येतात. ॲनोटेशनच्या एकूण लांबीची आकडेवारी पूर्ण बिघडते. आणि विषयाचं वर्गीकरण बदललं की दोनशे ईएएफ उघडा. मी ही टिअर एकाच कारणासाठी सहन करतो: एका फाइलीत अनेक प्रसंग असतील आणि प्रत्येकाची सुरुवात-शेवट दाखवायची असेल. पण तेव्हा ती माहिती वेळेला बांधलेली आहे, म्हणजे ते रीतसर ॲनोटेशनच झालं.

सीव्हॅटमध्ये हाच भेद आयता आहे. लेबलच्या गुणधर्माला 'म्युटेबल' खूण केली तर तो फ्रेमगणिक बदलू शकतो, नाही केली तर त्या वस्तूला शेवटपर्यंत एकच. गाडीचा रंग न बदलणारा, दिवा चालू-बंद बदलणारा. रंगाला म्युटेबल केलं की मधल्या एखाद्या फ्रेमवर चुकून बोट पडतं आणि गाडी अर्ध्या वाटेत लाल होते.

अर्धमात्रा

देवनागरीबद्दल. तक्ता मराठीत भरणाऱ्या सगळ्यांना हे नडतं आणि कारण डोळ्यांना दिसत नाही.

'कितव्यांदा' अशा रकान्यात दोघांनी 'दुसऱ्यांदा' लिहिलं. गाळणी लावली तर यादीत 'दुसऱ्यांदा' दोनदा दिसतं. त्यातला 'ऱ्य' एकाने ऱ, हलन्त, य असा उमटवला, दुसऱ्याच्या कीबोर्डने र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य असा. पडद्यावर एकच, यंत्राला दोन. शिवाय सुटा 'ऱ' हाही दोन रूपांत साठू शकतो, एकच चिन्ह म्हणून किंवा र अधिक नुक्ता म्हणून. ही दुसरी जोडी युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने एक होते. पहिली होत नाही, तिथे अदृश्य जोडचिन्ह स्वतः शोधून बदलावं लागतं.

फाइलनावात तर देवनागरी नकोच. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नावं विलग रूपात साठवायची. तिथून आलेली फाइल आणि तक्त्यातलं नाव अक्षरशः तेच दिसतं पण जुळत नाही, आणि स्क्रिप्ट म्हणते फाइल नाही. आयडी आणि फाइलनावं रोमन अक्षरं, आकडे, अधोरेषा, बस. मराठी नाव तक्त्याच्या 'शीर्षक' रकान्यात हवं तेवढं सुंदर लिहा.

आणि एक्सेल. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये असून सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ची अदृश्य ओळखखूण) नसेल तर दुहेरी क्लिकने उघडल्यावर देवनागरीचा चिखल होतो. त्या अवस्थेत कोणी सेव्ह केलं की संपलं. ००७ चा ७ होतो, ३-४ ची तारीख होते. 'डेटा' टॅबमधून आयात करा आणि आयडीचे रकाने टेक्स्ट म्हणून घ्या. त्याहून सोपं म्हणजे आयडीची सुरुवात अक्षरांनीच करा, मग आकड्यांचा प्रश्न बहुधा उरत नाही.

नोंदवही

तक्त्यातल्या शब्दांवर ताबा ठेवायला पर्यायांची बंद यादी हवीच. ईलॅनमध्ये टिअरसाठी बाहेरची शब्दयादी, ईसीव्ही, जोडता येते, म्हणजे सगळ्या ईएएफ एकाच यादीकडे बघतात. तोच धडा तक्त्याला लावा, रकान्यावर ड्रॉपडाउन.

यादी करताना एक भांडण नेहमी होतं, 'इतर' ठेवायचं का. ठेवा, पण शेजारी मोकळा रकाना द्या, आणि अधूनमधून 'इतर'मध्ये काय साठलंय ते बघून यादी वाढवा. जास्त महत्त्वाचं म्हणजे रिकामा चौकोन. विचारलंच नाही, विचारलं पण माहीत नाही, आणि लागूच नाही या तीन गोष्टी रिकाम्या जागेत एकसारख्या दिसतात. तिन्हींना वेगळे शब्द ठरवा. भाषेचा रकाना आयएसओ ६३९-३ च्या तीन अक्षरी संकेताने भरा, बोलीचं नाव शेजारी मोकळं. एका सत्रात भाषा अनेक असतात, त्या एकाच चौकोनात स्वल्पविरामाने कोंबण्यापेक्षा जोडतक्ता बरा.

पडद्यामागे

तारखेचं कोणी लिहिलं नाही अजून. एमपी४ मधली 'क्रिएशन टाइम' ही मानकानुसार यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असायला हवी. बरेच कॅमेरे तिथे स्थानिक वेळच लिहितात, मोबाइल बहुधा यूटीसी. यूटीसीच्या पुढे असलेल्या प्रदेशात पहाटे केलेलं चित्रीकरण म्हणून आदल्या दिवसाचं दिसतं. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलंच नसेल तर ते वेगळंच. आणि तारीख १ जानेवारी १९०४ दिसली तर ती शून्य आहे, त्या साच्यात काळ तिथूनच मोजतात.

म्हणून रेकॉर्डिंगची तारीख हा 'यंत्राकडून घ्या'चा अपवाद. माणसाने लिहायची, आयएसओ ८६०१ पद्धतीने, वर्ष-महिना-दिवस. फक्त वर्ष-महिना ठाऊक असेल तर तेवढंच, उगाच १ तारीख टाकू नका. यंत्राची तारीख वेगळ्या रकान्यात, पडताळ्यापुरती. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या अवजारातून फाइल गेली की ती टिकेलच असं धरू नका. स्वतः घातलेले टॅग तर एमपी४ मध्ये मूव्हफ्लॅग हा वेगळा पर्याय दिल्याशिवाय गळूनच जातात. मेसेजिंग ॲपमधून आलेला व्हिडिओ पुन्हा दाबलेला असतो, त्याच्या आतल्या माहितीवर विसंबू नका.

तिरकी रेघ

म्हणजे व्हिडिओच्या आत वर्णन लिहिणं बाद?

पडद्यामागे

एकमेव जागा म्हणून बाद. सत्राचा आयडी आत टॅग म्हणून घातला तर चांगलंच, नाव बदललेली फाइल ओळखता येते. पण आत टॅग लिहिला की फाइलीची बेरीज, म्हणजे तिच्या आशयावरून निघणारा एसएचए-२५६ हा ताळा, बदलते. आधी टॅग, मग बेरीज काढून तक्त्यात. उलट क्रमाने केलंत तर पुढच्या तपासणीत सगळ्या फाइली बिघडलेल्या दिसतील.

नोंदवही

बोरिस (वर्तनाच्या नोंदी करायचं अवजार) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे 'इंडिपेंडंट व्हेरिएबल' म्हणून वर्णनाचे रकाने प्रकल्पात एकदा ठरवायचे आणि प्रत्येक निरीक्षणात भरायचे. प्रकार मजकूर न ठेवता शक्य तिथे ठरावीक पर्यायांचा संच ठेवा, नाहीतर 'ढगाळ' आणि 'ढगाळ ' (शेवटी मोकळी जागा) वेगळे मोजले जातात. निरीक्षणाचा आयडी तोच सत्राचा आयडी.

अर्धमात्रा

परवानगीचा रकाना कुठे? सत्राकडे की माणसाकडे?

नोंदवही

जोडतक्त्यात, भूमिकेच्या शेजारी. एकच व्यक्ती एका सत्राला सर्वांसाठी खुलं म्हणते, दुसऱ्याला फक्त संशोधनासाठी. सत्राची पातळी त्यातल्या सर्वात कडक परवानगीवरून काढायची, हाताने लिहायची नाही. कोणी पुढे परवानगी काढून घेतली तर एक चौकोन बदलतो आणि सत्राची पातळी आपोआप उतरते. संकेतांक आणि खरी नावं जोडणारी यादी मात्र या तक्त्यांच्या फोल्डरमध्ये ठेवू नका.

दशांश

त्यालाच जोडून. मोबाइलच्या एमपी४ मध्ये अक्षांश-रेखांश असू शकतात. तक्त्यात ठिकाण फक्त तालुक्यापर्यंत लिहिलं आणि व्हिडिओ तसाच दिला तर घराचा उंबरठा कळतो. एक्झिफटूल या अवजाराने जीपीएसच्या नोंदी बघा. पाठवायच्या प्रतीतून काढा, मूळ फाइलीतून नको. आणि ती प्रत म्हणजे फाइलीच्या तक्त्यात नवी ओळ, नव्या बेरजेसह.